वाचकांचे प्रश्न : नोकरीसाठीचा पत्रव्यवहार

नोकरीच्या शोधात लिहावयाच्या ईमेल आणि अर्जांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. प्रश्नकर्त्यांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमा केला असून भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये दोन वर्षांपासून क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. चाकण आणि रांजणगाव भागातल्या कंपन्यांचे पत्ते जमवून सर्वांना एकच मेल पाठवला, पण एकाही ठिकाणाहून उत्तर आले नाही. मेलचा मजकूर आणि बायोडेटा सोबत जोडला आहे. कुठे चुकते आहे?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आपल्या मेलच्या विषयाच्या ओळीत 'जॉबसाठी अर्ज' एवढेच लिहिले आहे. मजकुराची सुरुवात 'आदरपूर्वक कळवितो की' अशी असून पुढच्या सगळ्या ओळी आपण मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर आणि दडपणाखाली काम करू शकणारे आहात हे सांगण्यात खर्च झाल्या आहेत. आपण काय तपासता, कशाने तपासता आणि किती दिवसांत रुजू होऊ शकता, यांपैकी एकही गोष्ट मेलमध्ये नाही; त्यासाठी बायोडेटाचे दुसरे पान उलटावे लागते. मेल उघडणाऱ्या एचआरमधल्या व्यक्तीसमोर क्वालिटी मॅनेजरने कळवलेल्या तीन-चार अटी असतात आणि ती त्याच अटी आलेल्या मेलमध्ये शोधत असते. मेहनती असणे ही अट त्या यादीत नसते, कारण आपण आळशी आहोत असे आजवर कोणत्याही उमेदवाराने लिहून दिलेले नाही.

दुसरी अडचण पाठवण्याच्या पद्धतीत आहे. आपण मेल स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून बाकी सारे पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात, टाकले आहेत. मेल उघडताच तो आपल्या कंपनीसाठी लिहिलेला नाही हे घेणाऱ्याला कळते, शिवाय असे मेल स्पॅममध्ये जाऊन पडण्याची शक्यताही वाढते. सोबत मोबाइलवर काढलेले गुणपत्रिकांचे फोटो आणि आधार कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे आहेत, ती कृपया यापुढे पाठवू नका. आधार आणि पॅन ही रुजू होताना मागितली जाणारी कागदपत्रे आहेत. त्याआधी ओळखपत्र देण्याची वेळ आलीच, तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. पहिल्या मेलसोबत बायोडेटाची एकच पीडीएफ पुरते, आणि तिच्या फाइलला 'स्कॅन 12' याऐवजी आपले नाव व पदाचे नाव द्यावे. जीमेल 25 एमबीपर्यंत जोडपत्रे स्वीकारत असले, तरी अनेक कंपन्यांच्या सर्व्हरची मर्यादा त्याहून कमी असते, म्हणून फाइल एक-दोन एमबीच्या आत ठेवणे बरे.

आपल्या बायोडेटातलेच तपशील घेऊन हा मेल असा लिहिता येईल. विषय : 'क्वालिटी इन्स्पेक्टर, सीएनसी टर्निंग, 2 वर्षे अनुभव, नोटिस 30 दिवस'. त्याखाली मजकूर : 'महोदय, आपल्या चाकण प्लांटमधील क्वालिटी इन्स्पेक्टर पदाची जाहिरात वाचली. मी भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये दोन वर्षांपासून सीएनसी टर्निंगवर होणाऱ्या शाफ्ट आणि बुश यांची तपासणी करतो. सेटिंगनंतरच्या पहिल्या नगाची मंजुरी, दर तासाची तपासणी आणि तिची नोंद हे माझे रोजचे काम आहे. मायक्रोमीटर, बोअर गेज आणि हाइट गेज नियमित वापरतो. सीएमएमवर मदतनीस म्हणून काम केले आहे, ते स्वतंत्रपणे चालवलेले नाही. सध्या पहिल्या शिफ्टला असल्यामुळे मुलाखतीसाठी दुपारी चारनंतर येऊ शकतो. बायोडेटा सोबत जोडला आहे.' शेवटी पूर्ण नाव आणि मोबाइल क्रमांक.

सीएमएमविषयीचे, म्हणजे सुट्या भागांची अचूक मापे घेणाऱ्या यंत्राविषयीचे, वाक्य गाळावे असे आपल्याला वाटेल, पण ते ठेवावे. ती अट नसलेल्या कंपनीला त्याने फरक पडत नाही, आणि ती अट असलेल्या कंपनीत मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ते उघड होणारच असते. या भागातल्या बहुतेक कंपन्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, त्यामुळे हाच मजकूर इंग्रजीत, एवढ्याच लांबीच्या वाक्यांत लिहावा लागेल. त्यासाठी एआयची मदत घेण्यास माझी हरकत नाही. मात्र बोअर गेज आणि पहिला नग हे त्याला आपणच सांगावे लागते, नाहीतर तेही पुन्हा 'मेहनती आणि प्रामाणिक' याच वळणावर जाते. यापुढे एका दिवसात पन्नास मेल पाठवण्यापेक्षा खरोखर जागा निघालेल्या चार-पाच कंपन्यांना वेगवेगळे मेल लिहावेत, आणि प्रत्येकात निदान पहिले वाक्य त्या कंपनीच्या जाहिरातीला धरून असावे.

प्रश्न : आमच्या गावातील पतसंस्थेने लिपिक पदासाठी 'स्वहस्ताक्षरात अर्ज' मागवले आहेत. माझे बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी झाले आहे. अर्जाची सुरुवात 'स.न.वि.वि.' अशी करावी का? अर्ज टाइप करून दिल्यास चालेल का?
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : स्वहस्ताक्षरात मागितलेला अर्ज हातानेच लिहावा, कारण लिपिकाचे अक्षर पाहणे हाही त्यामागचा हेतू असतो. कोऱ्या कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, निळ्या किंवा काळ्या शाईने लिहावे. वर उजवीकडे आपले नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि दिनांक. मग डावीकडे 'प्रति' लिहून जाहिरातीत ज्यांच्या नावे अर्ज मागवले आहेत त्यांचे पदनाम आणि संस्थेचा पत्ता. त्याखाली 'विषय : लिपिक पदासाठी अर्ज' आणि 'संदर्भ' म्हणून जाहिरात ज्या वृत्तपत्रात आली त्याचे नाव व दिनांक. 'स.न.वि.वि.' आणि शेवटचे 'कळावे, लोभ असावा' हे नात्यातल्या किंवा परिचयातल्या पत्रांत शोभते; अर्जाला 'महोदय' आणि 'आपली विश्वासू' पुरेसे आहे. अध्यक्ष आपल्या वडिलांच्या ओळखीचे असले तरीही 'महोदय'च लिहावे, आणि ती ओळख अर्जात आणू नये.

मजकूर एका पानाच्या आत बसवावा. पदवीचे वर्ष आणि श्रेणी, एमएस-सीआयटी, टायपिंगची शासकीय परीक्षा दिली असल्यास मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट यांपैकी जे प्रमाणपत्र असेल ते, आणि रोख व्यवहार हाताळण्याचा काही अनुभव, मग तो घरच्या दुकानातल्या रोजकीर्दीचा का असेना, हे सारे दोन परिच्छेदांत मावते. शेवटी 'सोबत' असे लिहून जोडलेल्या कागदांची क्रमवार यादी द्यावी. प्रमाणपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रतीच जोडाव्यात. मूळ कागद मुलाखतीला फक्त दाखवायचे असतात, कोणाच्याही ताब्यात द्यायचे नसतात. अर्ज प्रत्यक्ष नेऊन देणार असाल तर त्याची दुसरी प्रत बरोबर ठेवावी आणि तिच्यावर संस्थेचा आवक शिक्का व तारखेसह सही घ्यावी. 'अर्ज मुदतीत मिळालाच नाही' या उत्तरावर त्या शिक्क्याखेरीज दुसरा उपाय नाही.

एक इशारा, जो ईमेलने मराठी अर्ज पाठवणाऱ्या सर्वांसाठी आहे. डीटीपीच्या दुकानात अजूनही अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून मिळते. तो मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला, तर समोरच्याला अर्थहीन चिन्हांच्या ओळी दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून घ्यावा आणि अर्जाची पीडीएफ जोडावी.

प्रश्न : मी नाशिकमधील एका फर्ममध्ये सात वर्षे अकाउंट्स पाहत होते. 2018 मध्ये मुलाच्या जन्मानंतर नोकरी सोडली, पुढे सासूबाईंचे आजारपण आले. आता पुन्हा नोकरी हवी आहे. इतक्या वर्षांच्या खंडाचे स्पष्टीकरण मेलमध्ये कसे द्यावे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : एका वाक्यात द्यावे, आणि ते वाक्य मेलच्या सुरुवातीला नसावे. 'कौटुंबिक जबाबदारीमुळे 2018 पासून नोकरीत नव्हते. आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे,' एवढे पुरे. आजाराचे नाव, मुलाला आता कोण सांभाळणार, याचा तपशील देऊ नये. त्याने वाचणाऱ्याच्या मनात नसलेले प्रश्नही उभे राहतात. तारखा मात्र जशा आहेत तशाच लिहाव्यात. पूर्वीच्या नोकरीत भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर त्या खात्याच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि नोकरी सोडल्याची तारीख असते, आणि उमेदवाराची पडताळणी करताना ती पाहिली जाते.

खंडापेक्षा मोठी शंका वेगळीच असते, ती म्हणजे दरम्यान बदललेले काम आपल्याला जमेल का. आपण नोकरी सोडली तेव्हा जीएसटी लागू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्यानंतर 2020 मध्ये खरेदीवर मिळू शकणारे कराचे क्रेडिट दाखवणारे जीएसटीआर-2बी हे विवरण आले, सरकारी पोर्टलवर नोंदवायचे ई-इनव्हॉइस सुरू झाले, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ते बंधनकारक झाले. टॅली ईआरपी 9 च्या जागी टॅलीप्राइम आले. अर्ज करण्यापूर्वी महिना-दीड महिना यासाठी द्यावा. टॅलीप्राइम परवान्याशिवायही एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. त्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांनाच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरते. एखाद्या ओळखीच्या करसल्लागाराकडे काही दिवस 2बी आणि खरेदी-नोंदवही यांचा ताळमेळ लावण्याचे काम करता आले, तर उत्तमच.

मग मेलचे पहिले वाक्य असे होईल : 'सात वर्षे खरेदी-विक्री नोंदी, बँक ताळमेळ आणि ताळेबंदापर्यंतचे काम केले आहे, टॅलीप्राइम, ई-इनव्हॉइस आणि 2बी ताळमेळ यांचा सराव अलीकडेच केला आहे.' खंडाचे वाक्य त्यानंतर येऊ द्यावे. 'दुर्दैवाने', 'क्षमस्व', 'एक संधी द्यावी' असे शब्द आपल्या मसुद्यात मला अनेकदा दिसले. ते सगळे काढून टाका. घर सांभाळण्याबद्दल माफी मागण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : मुलाखतीनंतर किती दिवसांनी विचारणा करावी? व्हॉट्सॲपवर विचारले तर चालेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्यांनी कळवण्याची तारीख दिली असेल तर ती उलटल्यावर दोन दिवसांनी, दिली नसेल तर आठवड्याने विचारावे. नवा मेल न लिहिता मुलाखतीच्या मेललाच उत्तर म्हणून दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे जुना संदर्भ त्यांना शोधावा लागत नाही. आणखी दहा दिवसांनी एकदा आठवण करावी आणि तिथे थांबावे. व्हॉट्सॲपचा उपयोग त्यांनी स्वतः त्यावरून संपर्क साधला असेल तरच करावा, तोही कार्यालयीन वेळेत. आणि त्याच क्रमांकावर रोज सकाळी सुप्रभातचे फुलांचे चित्र जाणार नाही याची काळजी घ्यावी.

प्रश्न : पुण्यातील एका आयटी कंपनीने फोनवर निवड झाल्याचे सांगून लगेच राजीनामा देण्यास सुचवले आहे. माझा नोटिस पिरियड 90 दिवसांचा आहे. पुढचा पत्रव्यवहार कसा करावा?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : लेखी ऑफर हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका. फोन झाला त्याच दिवशी मेल लिहा : 'आज झालेल्या बोलण्यानुसार माझी निवड झाल्याचे समजले, आभारी आहे. पद, कामाचे ठिकाण, वेतनाचा तपशील आणि रुजू होण्याची तारीख नमूद केलेले ऑफर लेटर मिळाल्यावर सध्याच्या कंपनीत राजीनामा देईन. माझा नोटिस पिरियड 90 दिवसांचा आहे.' यात अविश्वास दिसेल अशी भीती बाळगू नका, एचआरला असे मेल रोज येतात.

ऑफर आल्यावर वार्षिक सीटीसीचा, म्हणजे कंपनी आपल्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाचा, आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्या आकड्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम हे सारे मिसळलेले असू शकते. दरमहा हातात नक्की किती येईल, बदलती रक्कम कधी आणि कशावर मिळते, आणि 90 दिवसांआधी सुटायचे झाल्यास नोटिसची रक्कम नवी कंपनी भरते का, हे तिन्ही प्रश्न एकाच मेलमध्ये विचारावेत. रोज एक प्रश्न पाठवला की समोरचा कंटाळतो आणि उत्तरेही तुटक येतात.

राजीनाम्याचे पत्र तीन वाक्यांचे असावे : राजीनामा देत असल्याचे, नियमानुसार कामाचा शेवटचा दिवस कोणता हे, आणि कामे सोपवून देण्याची तयारी असल्याचे. वरिष्ठांविषयीची नाराजी त्यात लिहिल्याने कोणाचे भले होत नाही, आणि रिलीव्हिंग लेटर व अनुभव प्रमाणपत्र त्यांच्याकडूनच घ्यायचे असते. राजीनामा मिळाल्याची पोच मेलवर मागावी आणि तो मेल वैयक्तिक पत्त्यावर सीसी करावा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेलबॉक्स बंद होतो. कंपनीच्या कामाची कागदपत्रे मात्र वैयक्तिक पत्त्यावर पाठवू नयेत.

प्रश्न : अर्ज न करता मला एका मोठ्या कंपनीच्या नावाने नियुक्तिपत्र आले असून लॅपटॉपसाठी परत मिळणारी अनामत रक्कम भरण्यास सांगितले आहे. पत्रावर कंपनीचे बोधचिन्ह आणि शिक्का आहे. भरावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भरू नये. बोधचिन्ह आणि शिक्का कोणालाही संगणकावर चिकटवता येतो. आपण पाठवलेल्या प्रतीत मेल एका साध्या जीमेल पत्त्यावरून आला आहे, आणि कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त आहे. उलट मेल पाठवून खात्री करून घेण्याच्या फंदात पडू नका, कारण उत्तर तीच माणसे देतील. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर करिअर विभागात दिलेल्या पत्त्यावर विचारावे. पैसे आधीच भरले असतील तर वेळ न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तक्रारीसाठी व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि रक्कम लागते, आणि तो मेलही तपासाला लागेल, म्हणून रागाच्या भरात तो पुसून टाकू नका.