गोळी घेतली, भाकरी राहिली

प्रश्न : आमचे हे ४६ वर्षांचे आहेत. रोज रात्री उंब्रजहून पिकअपमध्ये टोमॅटो, फ्लॉवर भरून वाशी मार्केटला जातात, सकाळी रिकामी गाडी घेऊन परत येतात. चार वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा जेवणाआधी घेतात. पोट भरलं की झोप येते म्हणून रात्री अर्धीच भाकरी खातात. सकाळची गोळी सहाला मार्केटातच बिनसाखरेच्या चहाबरोबर घेतात आणि जेवतात ते अकरानंतर, घरी आल्यावर. मागच्या महिन्यात परतताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी थांबली ती हलेचना. मागून हॉर्नवर हॉर्न. बरोबरच्या पोराने पाहिलं तर थंडीत शर्ट घामाने चिंब, आणि हलवलं तर त्यालाच शिव्या. पोराच्या आजीला शुगर आहे, म्हणून त्याला सुचलं. त्याने साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा हे भानावर आले. यांना काही आठवत नाही, डोळा लागला असेल म्हणतात. गाडी सोडायला लावू का? घर त्यावरच चालतं. मालकाला कळलं तर काम जाईल. लायसन्सही यंदा रिन्यू करायचंय.
— एक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, डोळा लागला नव्हता. मीटरवर आकडा पाहिलेला नसला तरी घाम, शिव्या, साखरपाण्याने उतार आणि नंतर काहीच न आठवणं, हे सगळं रक्तातली साखर उतरल्याचंच सांगतं. डॉक्टर एकदा ईसीजी काढू म्हणतील, काढू द्या.

तुम्ही दिवसभराच्या वेळा लिहिल्यात हे फार बरं केलंत, कारण दुखणं त्यातच आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. दोन-तीन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. सहाला गोळी, पोट रिकामं, रात्रभर क्रेट उचललेले. नऊच्या सुमारास साखर तळाला जाणारच. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "हे रात्री गाडी चालवतात, साखर न उतरवणारी गोळी बसते का बघा." तशी औषधं आहेत. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

मेंदू साखरेवर चालतो. ती कमी पडली की हातपाय गळायच्या आधी समज जाते, आणि गंमत नाही ताई, त्या माणसाला आपण अगदी ठीक आहोत असं वाटतं. म्हणून "मला कळतं" यावर विसंबू नका. आकडा बघायचा. निघण्यापूर्वी आणि वाटेत दर दोन तासांनी बोटाची तपासणी. ९० च्या खाली असेल तर खाऊन मगच निघायचं. ७० च्या खाली असेल तर गाडी बाजूला, इंजिन बंद, किल्ली पोराच्या हातात. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा साखर. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. आकडा वर आला की पोळीभाजी खायची आणि त्यानंतर पाऊण तास थांबायचं. मीटर आधी सुधारतं, मेंदू मागाहून. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हे सगळं त्या पोरालाही शिकवा. त्या दिवशी तोच शहाणा होता.

आता कठीण गोष्ट. हा झटका दुसऱ्याच्या मदतीने सुटला. औषध बदलून, घरी मोजलेले आकडे डॉक्टरांनी पाहून "चालेल" म्हणेपर्यंत यांनी स्टिअरिंगला हात लावू नये. तेवढे दिवस दुसरा ड्रायव्हर आणि हे गावात माल भरण्यावर, असं मालकाशी बोलून पाहा. पगार तुटेल, मला कळतं. कायमची गाडी सोडा असं मी म्हणत नाही. इन्शुलिनवर असूनही नीट गाडी चालवणारे माझे रुग्ण आहेत, कारण ते मोजतात आणि वेळेवर खातात.

लायसन्सचं. माल वाहतुकीच्या परवान्याचं नूतनीकरण पाच वर्षांनी असतं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणापत्रात पहिलाच प्रश्न असतो : फिट, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध जाणं, चक्कर येणं, असं काही आहे का? टोलनाक्यावरचा प्रसंग त्यातच मोडतो. लपवू नका.

आम्ही डॉक्टरही इथे चुकतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका ट्रकचालकाचे डोळे आणि बीपी तपासून मी दाखल्यावर सही केली. गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे विचारलंच नाही. दोन महिन्यांनी पसरणी घाटात त्याची गाडी कठड्याला घासत गेली, सुदैवाने तिथेच अडकली. तो मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." तेव्हापासून मी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावते. तुमच्या डॉक्टरांनी नाही विचारलं तरी तुम्ही पिशवी ओता.

रात्रीची अर्धी भाकरी पूर्ण करा, झोपेसाठी निघण्यापूर्वी दुपारी चार तास अंथरूण द्या. आणि सकाळची गोळी मार्केटात नको. तिथे नाष्टा होणार असेल तरच ती वेळ, नाहीतर वेळ बदलून घ्या. मीटर डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, पट्ट्या खराब होतात. जेवणाच्या पिशवीत ठेवा, साखरेच्या पुडीशेजारी.