देवाने माफ केलंय, मग न्यायाच्या दिवसाची एवढी भीती का वाटते?

माझ्याकडे चर्चमधली जी माणसं बोलायला येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो, की प्रभूने माझी पापं माफ केली असं तुम्ही सांगता, मग परत न्यायासनासमोर उभं राहायचं ते कशासाठी, आणि तिथे जुनं सगळं बाहेर निघणार असेल तर ती माफी तरी कसली?

एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय पन्नाशीचं. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळं धाकट्या बहिणीने केलं, या मात्र जुन्या भांडणावरून रुसून बसल्या, गेल्या नाहीत, आणि एकदा फोनवर आईला म्हणाल्या की मला तुझ्याशी काही देणंघेणं नाही. त्यानंतर आई गेली. तेव्हापासून रोज रात्री त्याच पापाची क्षमा मागायची, मध्येच लक्ष विचलित झालं तर प्रार्थना परत पहिल्यापासून, प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घ्यायचंही बंद केलं कारण अयोग्य रीतीने घेतलं तर दंड येईल. पाळकांना विचारायच्या, ते म्हणायचे क्षमा झालीय ताई, की संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं आणि रात्री परत तेच. बायबलमधली दोन वचनं तोंडपाठ, 2 करिंथ 5:10, की आपल्या सगळ्यांना ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभं राहून केल्याचं फळ घ्यायचंय, आणि इब्री 10:26, की सत्य कळल्यावर मुद्दाम पाप करत राहिलं तर पापासाठी यज्ञ उरत नाही. मला म्हणाल्या, "मॅडम, आई तर नाही आता, मी माफी मागू कुणाची?"

मी लगेच बायबल उघडलं नाही. आधी झोप विचारली, जेवण विचारलं, जीव नकोसा वाटतो का हे स्पष्ट विचारलं, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण प्रार्थना पुन्हा पुन्हा "बरोबर" करत राहणं, दिवसातून दहा वेळा कुणाकडून तरी खात्री करून घेणं हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती सुटत नाहीत अशा मानसिक आजाराचा, प्रकार असू शकतो, त्याला स्क्रूप्युलॉसिटी म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असं सांगणारे लोक भेटतात, मला ते अजिबात पटत नाही.

मग वचनाकडे वळलो. ताईंच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. एक म्हणजे मी देवाची आहे की नाही, आणि दुसरा मी जगले कशी. पहिल्याचं उत्तर वधस्तंभावर झालंय, रोम 8:1 सांगतं की ख्रिस्तात जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. दुसऱ्याचा हिशोब आहे, तो नाकारून चालणार नाही, 2 करिंथ 5:10 विश्वासणाऱ्यांनाच लिहिलंय. पण त्याच करिंथकरांना पौल पहिल्या पत्रात, 3:15 मध्ये, लिहितो की कुणाचं काम जळून गेलं तर त्याचं नुकसान होईल, तरी तो स्वतः तारला जाईल. कॅथलिक शिकवण हे जरा वेगळं मांडते, मरणानंतर प्रत्येकाचा न्याय आणि कृपेत मेलेल्यांचं शुद्धीकरण, पण तिथेही शुद्ध होणारा माणूस तारलेलाच असतो. आणि न्याय करणारा कोण? योहान 5:22 म्हणतं पित्याने सगळा न्याय पुत्राकडे सोपवलाय. म्हणजे जो तुमच्यासाठी मेला आणि रोम 8:34 प्रमाणे आज तुमच्यासाठी रदबदली करतो तोच तिथे बसलाय. हे मी ताईंना मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.

त्यांनी विचारलं, मग देव हा न्यायाचा विषयच सोडून का देत नाही. मी म्हटलं, ताई, मग तुमच्या बहिणीने रात्र रात्र जागून काढल्या त्याचं काय, आईला जे लागलं त्याचं काय? जाऊ दे, चालतंय असं म्हणणारा देव तुमच्या आईच्या दुःखाची किंमत शून्य करेल. वधस्तंभावर पाप हलकं करून सोडलेलं नाही, त्याची पूर्ण किंमत मोजलीय, म्हणून तर 1 योहान 1:9 मध्ये क्षमा करणारा देव विश्वसनीय आणि न्यायी असा दोन्ही आहे. यावर त्या खूप वेळ रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं.

इब्री 10:26 चं भय वेगळं काढावं लागलं. ते पत्र छळाला कंटाळून ख्रिस्तालाच सोडून मागे फिरू पाहणाऱ्यांना लिहिलंय. पस्तावून त्याच्याच पायाशी बसलेल्या बाईला ते लावू नये.

पुढे आम्ही एक ठरवलं, डॉक्टरांशी बोलून. पाळकांसमोर एकदा, शांतपणे, सगळं कबूल करायचं आणि नंतर त्या पापाची क्षमा परत मागायची नाही, कितीही वाटलं तरी, आणि कुणाला विचारायचंही नाही. ताईंना हे उद्धटपणाचं वाटलं. तेव्हा मी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचं सांगितलं, 1522 मध्ये स्पेनमधल्या मनरेसा इथे ते जुनी पापं पुन्हा पुन्हा कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूसमोरच्या पापकबुलीत, सांगत राहिले, जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले, आणि शेवटी जुनं काही परत कबूल करायचं नाही असं ठरवल्यावर सुटका झाली. म्हणजे एवढा मोठा भक्त माणूसही यातून गेलाय.

आणि बहीण? तिच्याशी ताई या विषयावर कधीच बोलल्या नव्हत्या, एवढी वर्षं देवाशीच बोलत होत्या. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराच्या घरी येशू आधी स्वतःहून मुक्कामाला गेला, मग जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं म्हटलं. क्षमा विकत घ्यायला नाही, मिळाली म्हणून. ताई बहिणीकडे गेल्या. बहीण म्हणाली, आलीस बरं झालं, पण माझा राग अजून गेलेला नाही.

ताई घाबरून माझ्याकडे, बहीण माफ करत नाही म्हणजे देवानेही केलं नाही का? नाही हो. बहिणीचा राग तिच्या वेगाने जाईल, तिच्यावर घाई करायचा तुम्हाला हक्क नाही, आणि त्यावरून देवाचं मन ओळखायचंही नाही. दावीद राजाने व्यभिचार आणि खून कबूल केल्यावर त्याला नाथान संदेष्ट्याने लगेच सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तरी त्याच्या घरात जे मोडलं होतं ते मोडलेलंच राहिलं. पापाचे परिणाम भोगावे लागणं म्हणजे क्षमा न मिळणं, असं समजणारी माणसं मला फार भेटतात.

आता ताई प्रभुभोजन घेतात, औषधं चालू आहेत, वाईट रात्री अजून येतात पण कमी, बहिणीचा फोन अधूनमधून येतो.

अजून एक, कारण हे विचारणारेही खूप असतात, की माझ्या हातून ते क्षमा न होणारं पाप तर घडलं नाही ना. मार्क 3 मध्ये येशू म्हणतो की पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला क्षमा नाही, पण हे तो कुणाला बोलला ते बघा, त्याचं चांगलं काम डोळ्यांनी बघून वर याला सैतान लागलाय म्हणणाऱ्या शास्त्र्यांना. मनात नको ते शब्द आपोआप येतात आणि त्याने तुमचा थरकाप होतो, तर ते क्षमा न होणारं पाप नव्हे. पण ते विचार थांबतच नसतील, झोप उडाली असेल, तर पाळकांसोबत डॉक्टरनाही दाखवा, वाट बघत बसू नका.