पिवळं टाकता आणि सॉसेज ठेवता?

प्रश्न : आम्ही मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला आलो आहोत. इथे रविवारी दोन अंडी, दोन पोर्क सॉसेज आणि लोणी लावलेले दोन टोस्ट असा नाश्ता असतो. ह्यांचं कोलेस्टेरॉल काठावर आहे, म्हणून त्यांच्या अंड्यातलं पिवळं मी काढून टाकते. मग हा नाश्ता पोषक म्हणायचा ना?

उत्तर : प्रथिनं भरपूर आहेत, पण ताटातून काढायचं ते ठेवताय आणि ठेवायचं ते काढताय. दोन मोठ्या अंड्यांत साधारण १४५ कॅलरी, साडेबारा ग्रॅम प्रथिनं आणि ३ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट (लोणी-मांसातली घट्ट होणारी चरबी) असतं. दोन सॉसेजमध्ये (भाजल्यावर एक सुमारे ५० ग्रॅमचा) प्रथिनं १४ ग्रॅम. कॅलरी मात्र २९० आणि सॅच्युरेटेड फॅट ८ ग्रॅम. एका पिवळ्यात १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण बहुतेकांचं एलडीएल (रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल) त्याहून जास्त वाढतं ते सॅच्युरेटेड फॅटने. कोलीन हे पोषकद्रव्य, अ आणि ड जीवनसत्त्व पिवळ्यातच असतं. ते कचऱ्यात जातंय. (मधुमेह असेल तर अंडी किती, हे डॉक्टरांना विचारा.)

टोस्ट-लोणी धरून ताट ७०० कॅलरींवर जातं. तरी पांढऱ्या ब्रेडमुळे फायबर जेमतेम दोन ग्रॅम आणि क जीवनसत्त्व नावालाच.

म्हणून अंडी दोन अख्खी, सॉसेज एक. जोडीला भाजलेला टोमॅटो आणि अर्धा डबा बेक्ड बीन्स घ्या. बीन्समधून ७-८ ग्रॅम फायबर मिळतं. डबा कमी मिठाचा बघा, कारण सॉसेज आणि ब्रेडमध्येही मीठ असतंच. सॉसेज मंद आचेवर १५-२० मिनिटं परता. आच मोठी ठेवली की आत वाफ कोंडून साल फुटते, बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. तव्यात सुटलेल्या चरबीतच अंडी तळायची इथली पद्धत चविष्ट खरी, पण तुमच्याकडे ती नको. अंडी उकडा किंवा पोच करा (फोडून गरम पाण्यात शिजवा).

आणि हे रविवारपुरतंच राहू द्या. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं.

प्रश्न : त्याऐवजी गोव्याची चोरिस चालेल?

उत्तर : तीही प्रक्रिया केलेलं मांसच, शिवाय मिठात मुरवून वाळवलेली. दोन अंड्यांना चोरिसच्या माळेतले दोन छोटे मणी पुरतात. कांदा भरपूर घाला. वरून तेल नको, मीठ तर नकोच.