वाचकांचे प्रश्न : वाड्याचे सागवान, पाच फुटी मत्स्यटाकी आणि पाण्याचे शुद्धीकरण

प्रश्न : आमचा जुना वाडा उतरवला, तेव्हा सागवानाचे काही खांब आणि तुळया ठेवून घेतल्या होत्या. त्यांतून पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा मत्स्यटाकीसाठी स्टँड करून घ्यायचा विचार आहे. टाकीत गोल्डफिश ठेवायचे आहेत. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. सुताराचे म्हणणे असे, की चार कोपऱ्यांना चार पाय आणि पुढे-मागे मधोमध एकेक पाय दिला की काम झाले. टाकीवाला म्हणतो, फिल्टरचे नंतर बघू. घरात पिण्याच्या पाण्यासाठी असते तसे आरओ आणि यूव्ही बसवले तर पाणी बदलावेच लागत नाही, असेही एकाने सांगितले. आपला सल्ला हवा आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : टाकीवाल्याचे ‘नंतर बघू’ तेवढे ऐकू नका. पाणी कोणत्या मार्गाने खाली उतरणार, कोठे गाळले जाणार आणि कसे वर चढणार हे आधी ठरवावे लागते, कारण स्टँडचे पाय कोठे यावेत हे त्यावरच ठरते. सुताराने सुचवलेली रचना भक्कम आहे, यात शंका नाही. परंतु पुढच्या बाजूला मधोमध पाय आला की दोन्हीकडे जेमतेम सव्वीस-सव्वीस इंचांची मोकळी जागा उरते, आणि एवढ्या टाकीला शोभेलशी तीन फूट लांबीची गाळणटाकी, म्हणजे ज्याला या छंदातले लोक ‘संप’ म्हणतात ती, त्यातून आत जात नाही. टाकी भरून झाल्यावर हे लक्षात येते आणि मग करवत हातात घेण्याची सोय राहिलेली नसते.

प्रथम वजन पाहू. आपल्या टाकीचे घनफळ २० घनफूट, म्हणजे सुमारे ५६५ लिटर होते. वर थोडी जागा सोडली तरी पाणी ५०० लिटरच्या आसपास राहील. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन शंभर किलोहून थोडे अधिक, वाळू साठ किलो, खालच्या संपमधले पाणी पंचाहत्तर लिटर, आणि त्यात स्टँडचे व संपच्या काचेचे वजन मिळवले, तर जमिनीवर सुमारे सव्वाआठशे किलोंचा भार येतो, तोही अवघ्या १० चौरस फुटांवर. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो असतो. आपल्या टाकीखाली तो त्याच्या चौपटीहून जास्त होतो. मानकातला आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे एका कोपऱ्यातले असे वजन लगेच धोक्याचे ठरते असे नव्हे; परंतु टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता, जिच्याखाली तुळई आहे अशा भिंतीलगत ठेवावी, आणि जागा नक्की करण्यापूर्वी इमारतीचा आराखडा एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावा. इमारत जुनी असेल तर हे टाळूच नये. त्या जागेच्या लाद्या रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहाव्यात. ज्या लादीखाली माल नीट भरलेला नसतो तिचा आवाज पोकळ येतो, आणि नेमका त्याच लादीवर पाय आला तर ती तडकते.

आता लाकूड. वाड्याचे सागवान मिळणे हे भाग्यच म्हणायचे, कारण इतकी वर्षे मुरलेले लाकूड सहसा पिळत नाही. तरीही ते जसेच्या तसे रंध्याखाली देऊ नये. प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवून आत मोडून राहिलेले खिळे शोधावेत, नाहीतर पात्याचे दात जातील आणि सुतार आपल्यावर रागावेल, ते वेगळेच. सागाचा आतला तपकिरी गाभा वाळवीला दाद देत नाही, परंतु सालीलगतचा फिकट भाग तिला सहज बळी पडतो. म्हणून तो भाग तासून काढावा आणि संशय येईल तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. टोक लोण्यात शिरावे तसे शिरले, तर तो तुकडा पायासाठी वापरू नये. भिंतीत गाडलेल्या तुळयांची टोके बहुधा अशीच निघतात.

सांगाड्याबाबत एकच गोष्ट सुताराला पुन्हा पुन्हा सांगावी : वजन लाकडावरून लाकडावर उतरले पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. वरची आडवी पट्टी पायाच्या बाजूला ठोकून न देता पायाच्या माथ्यावर, किंवा पायात पाडलेल्या खाचेत बसलेली असावी. स्क्रू आणि फेविकॉल यांचे काम केवळ तिला जागेवर धरून ठेवण्याचे. पाय अडीच इंच चौरस पुरतील. पुढच्या बाजूचा मधला पाय मधोमध न घेता एका अंगाला सरकवावा, म्हणजे एकीकडे अडतीस इंचांचे आणि दुसरीकडे साडेचौदा इंचांचे असे दोन कप्पे होतील. मोठ्यात संप सरळ आत जाईल आणि लहानात विजेची जोडणी, खाद्य व जाळी ठेवता येईल. अडतीस इंचांचा पल्ला ऐकून आपला सुतार मान हलवील. त्याला सांगावे, की वरची पट्टी अडीच बाय पाच इंचांची घ्या आणि तिची पाच इंचांची बाजू उभी ठेवा. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली की वाकणे आठपटीने कमी होते. चांगल्या सागवानाची अशी पट्टी या वजनाखाली अर्धा मिलिमीटरही लवणार नाही.

खरा धोका पाय दबण्याचा नसून सांगाडा आडवा झुलण्याचा असतो. त्यासाठी पाठीमागे आणि दोन्ही कडांना १२ मिलिमीटरची प्लाय सांध्यांत सरस भरून स्क्रूने घट्ट बसवावी. मागच्या प्लायमध्ये नळ्या व वायरी यांच्यासाठी गोल भोके ठेवावीत. माथ्यावर फळ्या न जोडता १९ मिलिमीटरची बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारी, आयएस ७१० छापाची प्लाय घालावी, कारण अखंड फळी पावसाळ्यात आडव्या दिशेने फुगते. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळपास हलत नाही, म्हणूनच उभे पाय ऋतुमानाप्रमाणे लहानमोठे होत नाहीत. सांगाडा उभा झाला की माथ्याचे दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. त्यांत एका सुताहून, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाहून, अधिक फरक निघाला तर तो गुण्यात नाही. नंतर एका कोपऱ्याला तळहाताने जोर लावून पाहावे. रिकाम्या स्टँडने कुरकुर केली, तर भरलेला स्टँड गप्प बसणार नाही.

पॉलिश करताना कापलेल्या टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. लाकूड पाणी पिते ते तेथूनच. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन-चार हात टोकांना, तळाला आणि संपच्या कप्प्याला आतून द्यावेत, बाहेरून दिसणाऱ्या भागाला आपल्या हौसेप्रमाणे. फरशी पुसतानाचे पाणी पायांत चढू नये म्हणून खाली जाड रबराच्या चकत्या घालाव्यात. टाकी आणि प्लाय यांच्यामध्ये थर्मोकोलचा पातळ थर हवा. तो वाळूच्या एखाद्या कणामुळे काचेवर पडणारा ताण झेलतो. वाकडा स्टँड मात्र तो सरळ करीत नाही. टाकी ठेवण्यापूर्वी पाणसळ लावून लांबीत आणि रुंदीत पातळी तपासावी.

आता पाणी. टाकीतले पाणी निवळशंख दिसणे आणि ते शुद्ध असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो रंगहीन असतो आणि थोड्या प्रमाणातही घातक ठरतो. फिल्टरमध्ये वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. या जिवाणूंना राहायला जागा आणि श्वासाला प्राणवायू देणे हेच फिल्टरचे मुख्य काम. घाण अडवणे हे दुय्यम. आरओ यंत्र नळाच्या पाण्यातले क्षार काढते. टाकीत रोज तयार होणाऱ्या अमोनियाशी त्याचा संबंध नाही, आणि गोल्डफिशला तर थोडे क्षारयुक्त पाणीच मानवते. यूव्ही दिवा पाण्यात तरंगणारे हिरवे शेवाळ आणि काही जंतू मारतो, अमोनियाचे मात्र काही करीत नाही. या दोन्हींचा खर्च वाचवून तो संपवर करावा.

संप ३६ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच घ्यावा. वरून उतरलेले पाणी प्रथम कापसाच्या किंवा स्पंजच्या थरातून जावे, मग सिरॅमिक रिंग अथवा लाव्हा दगडांच्या कप्प्यातून, आणि शेवटी मोटरच्या कप्प्यात यावे. ताशी चार-पाच वेळा पाणी फिरावे एवढा प्रवाह पुरे. मात्र साडेचार फूट उंची चढताना मोटरचा जोर घटतो, म्हणून खोक्यावर ताशी ३५०० ते ४००० लिटर लिहिलेली मोटर घ्यावी. पन्नास वॅटची असेल तर महिन्याला ३६ युनिट वीज लागेल. पाणी उतरण्याची भोके टाकी चिकटवण्यापूर्वीच पाडून घ्यावीत, आणि एक नव्हे, दोन : एक नेहमीचे, दुसरे पहिले तुंबले तर. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. संप आत बसवल्यावर त्याच्या माथ्यावर हात घालण्यापुरती निदान आठ इंच जागा राहिली पाहिजे, नाहीतर दर आठवड्याचा कापूस बदलणे ही शिक्षा वाटू लागते. त्यासाठी स्टँडची उंची ३३ इंच धरावी.

वीज गेल्यावर काय होते, हे कागदावर आधी सोडवावे. मोटर बंद पडली की वरच्या टाकीतले पाणी भोकाच्या पातळीपर्यंत खाली येत राहते. आपल्या टाकीचा एक इंच म्हणजे जवळजवळ २४ लिटर. पाणी दोन इंच उतरले तर ४७ लिटर, आणि तेवढ्याने आपल्या संपमधली पातळी साडेपाच इंचांनी चढते. म्हणून चालू स्थितीत संप नऊ इंचांच्या वर भरू नये. वर पाणी नेणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर लहानसे भोक पाडावे. पातळी तेथवर आली की त्यातून हवा शिरते आणि नळीतून उलटे वाहणारे पाणी थांबते. या भोकात शेवाळ धरते, ते काडीने मोकळे करीत जावे. मी हे एकदा विसरलो होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रात्री अकरा वाजता येऊन आठवण करून दिली.

टाकी भरल्यावर मासे लगेच आणू नयेत. थोड्या कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया मिळत राहिला तर जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाच्या निरोगी टाकीतल्या मूठभर रिंग मिळाल्या तर काळ कमी होतो. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य दिसू लागले, की दोन-तीन माशांनी सुरुवात करावी, आणि पुढे आठ-दहाच्या वर जाऊ नये. नायट्रेट बाहेर काढण्यासाठी दर आठवड्याला चतुर्थांश पाणी, म्हणजे सव्वाशे लिटर, बदलावेच लागेल. त्यासाठी दीडशे लिटरचा पिंप बाल्कनीत ठेवून त्यात नळाचे पाणी आदल्या दिवशी भरावे आणि हवेचा पंप सोडावा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे. झाडे आनंदाने घेतात.

प्रश्न : दुकानातून टाकीसोबत आलेला तयार स्टँड वर्षभरात तळाशी फुगला आहे आणि टाकी एका बाजूला किंचित कललेली दिसते. फुगलेल्या भागाला रंग देऊन चालेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालणार नाही. आपला स्टँड बहुधा भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा असावा. असा बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की सुकला तरी मूळची ताकद परत येत नाही, आणि कोकणातला पावसाळा त्याला सुकूही देत नाही. टाकी कलली की काचेच्या सांध्यांवर असमान ताण येतो. म्हणून आज पाणी निम्म्यावर आणावे आणि या आठवड्यात नवा स्टँड करावा. भरलेली किंवा अर्धी टाकी उचलण्याचा प्रयत्न चारजणांनीही करू नये. मासे आणि फिल्टरमधल्या रिंग टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पिंपात काढाव्यात, पिंपात हवेचा पंप चालू ठेवावा आणि रिंग नळाच्या पाण्याने धुऊ नयेत, नाहीतर जिवाणू मरतील आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागेल.

प्रश्न : संपमध्ये पाणी पुरेसे दिसते, तरी उन्हाळ्यात मोटर दोनदा कोरडी चालून जळाली. असे का व्हावे? – एक वाचक, जळगाव

उत्तर : बाष्पीभवनाने घटलेले पाणी वरच्या टाकीत किंवा मधल्या कप्प्यांत दिसत नाही, कारण वरच्या टाकीची पातळी उतरण्याच्या भोकाने आणि कप्प्यांची त्यांच्यामधल्या काचेच्या पडद्यांनी बांधलेली असते. सारी घट मोटरच्या शेवटच्या कप्प्यात उमटते. त्या कप्प्याच्या काचेवर बाहेरून मार्करने एक रेघ ओढावी आणि पाणी रेघेखाली गेले की भर घालावी. आपल्याकडच्या मे महिन्यात हे रोज सकाळी पाहावे लागेल. मोटरच्या वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही. आणि या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, नसेल, तर नवी मोटर घेण्याआधी तो बसवून घ्यावा.