हुमणीची डबी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यापासून तुझंच वाक्य डोक्यात घोळतंय. "बाई, मला शेतीतलं काय कळतं?" तू बेळगावच्या टिळकवाडीत वाढलेली, बी.एड.चं दुसरं वर्ष, आणि धारवाडच्या कृषी मेळ्याला न्यायची ती मुलं निपाणीकडची, तंबाखू-उसाच्या घरातली. कळत नसेल तर बसमध्ये बसल्या बसल्या तसं सांगून टाक. नाहीतरी संकेश्वर येईपर्यंत ती ओळखतीलच. तंबाखूचे शेंडे का खुडतात, हे तूच त्यांना विचार. सगळी एकदम बोलायला लागतील.

माझी फजिती सांगते. पहिल्यांदा मेळ्याला गेले तेव्हा मुलांना ओळीत लावून एकामागून एक स्टॉल दाखवत सुटले होते. एकही चुकायला नको ना! परत येताना नववीतला एक पोरगा गप्प. दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, आमच्या उसाला हुमणी लागलीय. हितं हुमणीचं कायच नव्हतं." हुमणी म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. मलाही वाटलं, राहिलं असेल. घरी आल्यावर पिशवीतली पत्रकं शेजारच्या अण्णांनी सहज चाळली आणि एक वर काढून हसले, "गोण्णे हुळु म्हणजे तुमची हुमणीच की हो बाई!" त्या स्टॉलवरून पत्रक मी स्वतः घेतलं होतं, तो पोरगा माझ्या मागं उभा असताना. कन्नड अक्षरं आम्हा दोघांनाही वाचता येत होती. तो किडा आपलाच आहे, एवढंच कळलं नव्हतं.

म्हणून निघायच्या दोन-तीन दिवस आधी प्रत्येकाला घरून एक प्रश्न आणायला सांग. वडिलांचा आण, आजीचा आण, पण घरचा आण. वहीत तो मराठीत लिहायचा आणि खाली त्या किडीचं किंवा रोगाचं कन्नड नाव. नावं शाळेतल्या कन्नडच्या सरांकडून घे, तेही खूश होतील. "इदक्के एनु माडबेकु?", यावर काय करायचं, एवढं वाक्य सगळ्यांच्या तोंडात बसव. पोरानं कन्नडमध्ये सुरुवात केली की समोरचा माणूस बऱ्याचदा मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर द्यायला लागतो, हे मी कितीदा पाहिलंय. हुमणी काही भाषा विचारून मुळं खात नाही.

प्रश्नाबरोबर नमुनाही असू दे. घट्ट झाकणाच्या डबीत मूठभर माती आणि दोन-चार अळ्या. मेळा सप्टेंबरात, आणि तेव्हा हुमणी चांगली पोसलेली असते. एवढ्या मोठ्या अळीला औषध फारसं लागू होत नाही, असं तिथले शास्त्रज्ञ सांगतील आणि पोरगं हिरमुसेल. तिथं तू मध्ये पड. मग कधी, हे विचारायला लाव. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचेच भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. गावानं मिळून केलं तरच उपयोग. हे त्यानं वहीत मे-जूनच्या पानावर लिहायला हवं.

सगळे स्टॉल बघायच्या भानगडीत पडू नकोस. कापसापाशी मात्र थोडं थांब. वरलक्ष्मी हा संकरित कापूस धारवाडचाच, १९७२ सालचा. मेळा भरवणारं तिथलं कृषी विद्यापीठ झालं त्यानंतर, १९८६ ला. दोन वेगळ्या प्रजातींच्या कापसांचा तो संकर, आणि असं बी तयार करायला एकेका फुलातले पुंकेसर हातानं काढून दुसऱ्याचे पराग लावावे लागतात. चिमटीत फूल धरून दाखव, मुलींना फार आवडतं.

बाकी नेहमीचंच. मुलांच्या जोड्या लाव, आपला जोडीदार दिसेना की लगेच सांगायचं. बस लागणाऱ्यांना पुढं बसव. मुलींना कित्तूरला उतरव, पुढं गर्दीत स्वच्छतागृहासाठी रांग असते. पिकांची टॉनिकं विकणारे गोड बोलून वडिलांचा फोन नंबर मागतात, तो कुणी द्यायचा नाही.

माझा जुना थर्मास पाठवतेय. झाकण नीट लागत नाही, उभाच ठेव.

तुझ्या बाई