धान, डुकरे आणि मेंदूज्वर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पूर्व विदर्भातल्या जपानी मेंदूज्वराच्या (डासांतून पसरणारा विषाणूजन्य आजार) हंगामी पाहणीवर आम्ही प्रश्न मागवले होते. या पाहणीत डुकरे, डास आणि माणूस या तिघांचे नमुने घेतले जातात. बरीच पत्रे एकाच मुद्द्यावर होती, ती एकत्र केली आहेत.

आमच्या गावात कुणीच डुकरे पाळत नाही. तरी आरोग्य खात्याची माणसे पावसाळ्यात येऊन शेजारच्या गावातल्या डुकरांचे रक्त काढतात. त्याचा आमच्या मुलांशी काय संबंध?
— शिक्षिका, साकोली परिसर

संबंध आहे, आणि तो डासाच्या पल्ल्यातून येतो. हा विषाणू पसरवणारे क्युलेक्स विष्णुई गटातले डास धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी साचलेल्या खाचरांत वाढतात आणि सहज दीड-दोन किलोमीटर उडतात. त्यांना ग्रामपंचायतीची हद्द कळत नाही. विषाणूचे मूळ घर म्हणजे पाणथळीतले पक्षी: बगळे, वंचक, रातबगळे. या पक्ष्यांतून तो डासात येतो, डासातून डुकरात, आणि डुकराच्या रक्तात दोन-चार दिवस इतका वाढतो की त्याला चावणारे डास मोठ्या प्रमाणावर विषाणू घेऊन जातात. डासाच्या पोटातून तो लाळेत यायला तापमानानुसार एक ते दोन आठवडे लागतात. माणसाच्या रक्तात मात्र तो फार थोडा आणि थोडाच वेळ असतो. म्हणून आजारी मुलाला चावलेल्या डासापासून पुढच्याला लागण होत नाही. घोड्याचे आणि गाईम्हशींचेही तसेच.

आता दिवस मोजा. डुकराला लागण झाली, त्यातून डासाला, डासातून माणसाला, आणि माणसात लक्षणे दिसायला ४ ते १४ दिवस. त्यातही संसर्ग झालेल्या सुमारे २५० जणांत एकालाच गंभीर आजार होतो. म्हणजे दवाखान्यात पहिले मूल झटके घेत येते तेव्हा विषाणू परिसरात कित्येक आठवडे फिरलेला असतो. डुकराच्या रक्तात तो त्याआधी दिसतो. रोवणीनंतर बांध्यांत पाणी साचते, डास वाढतात, डुकरांत प्रतिपिंडे (विषाणूशी लढायला शरीराने रक्तात तयार केलेली प्रथिने) दिसू लागतात, आणि पावसाच्या उत्तरार्धात व त्यानंतर माणसांतले रुग्ण येतात. शेजारच्या गावातल्या डुकराचा अहवाल तुमच्या शाळेसाठीही असतो, तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जरूर मागा.

डुकरे नाहीत म्हणून धोका शून्य होत नाही, पण कमी होतो हे खरे. सिंगापुरात वराहपालन बंद झाल्यावर माणसांतले रुग्ण जवळपास थांबले, तरी पक्ष्यांत विषाणूच्या खुणा सापडत राहिल्या.

आमच्याकडे आठ मादी डुकरे आहेत. एका मादीला पिल्ले झाली, त्यात काही वाळून काळी पडलेली, काही मेलेली, दोन जिवंत पण थरथरणारी. पशुवैद्यकांनी मादीचे रक्त नेले. मादीला साधा तापही नव्हता. हा तोच आजार असेल का? आणि मांस खाल्ले तर?
— वराहपालक, ब्रह्मपुरी तालुका

एकाच विण्यात वाळलेली, मेलेली आणि जिवंत पण अशक्त अशी वेगवेगळ्या वयाची पिल्ले दिसणे हे जपानी मेंदूज्वराचे ठळक चिन्ह आहे. मोठ्या डुकराला बहुधा काहीच होत नाही, गर्भ मात्र मरतात. नराला लागण झाली तर वृषण सुजतो आणि काही काळ त्याच्यापासून माद्यांना गाभ राहत नाही. पण पार्व्होव्हायरस, पीआरआरएस (डुकरांचा प्रजनन व श्वसनाचा विषाणूजन्य आजार), ब्रुसेला (गर्भपात घडवणारा जिवाणू) यांतही असेच घडते. पाहून निदान करू नका.

मादीच्या रक्ताबद्दल सांगतो, कारण इथे हमखास घोटाळा होतो. डुकराचा गाभणकाळ ११४ दिवसांचा. गर्भ मारणारी लागण बहुधा गाभणकाळाच्या पहिल्या किंवा मधल्या टप्प्यात झालेली असते, म्हणजे विण्यापूर्वी कित्येक आठवडे. तोपर्यंत मादीच्या रक्तातला विषाणू संपलेला असतो, आणि प्रतिपिंडे सापडली तरी ती 'कधीतरी लागण झाली' इतकेच सांगतात. पक्का पुरावा पिल्लांकडे असतो. डुकरीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. म्हणून दूध न प्यालेल्या किंवा मृत जन्मलेल्या पिल्लाच्या रक्तात प्रतिपिंडे मिळाली, तर लागण पोटातच झाली हे सिद्ध होते. पुढच्या वेळी मेलेली पिल्ले फेकू नका. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. हातमोजे घाला. बर्फाचा थेट स्पर्श नको, आणि फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठवले की पेशी फुटतात, ऊतींची तपासणी होत नाही.

नीट शिजवलेल्या मांसातून हा आजार होत नाही. लागण झालेली डुकरे मारून टाकण्यानेही काही साधत नाही, कारण चार-पाच दिवसांत त्यांच्या रक्तातून विषाणू गेलेला असतो आणि पुढे ती रोगक्षम राहतात. धोकादायक ती नवी, अजून लागण न झालेली पिल्ले. हंगाम सुरू होण्याआधी डुकरांचा वाडा घरापासून लांब न्या, आणि पाचशे मीटर म्हणजे लांब नव्हे. जमत नसेल तर निदान सायंकाळपासून पहाटेपर्यंत वाड्याला बारीक जाळी लावा.

जपानमध्ये हाच प्रयोग कसा करतात? आपल्याकडे किती डुकरे लागतील?
— पशुवैद्यक पदवीचा विद्यार्थी, नागपूर

जपानमध्ये १९६५ पासून दर उन्हाळ्यात कत्तलखान्यात येणाऱ्या सहा महिन्यांच्या आसपासच्या डुकरांचे रक्त तपासतात. हे वय मुद्दाम निवडलेले आहे: आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे ओसरलेली असतात आणि मागच्या हंगामाचा संबंध नसतो. म्हणजे जी प्रतिपिंडे सापडतील ती याच वर्षीची. निम्म्याहून जास्त डुकरांत सापडली की तो भाग विषाणूग्रस्त धरतात. प्रतिपिंडे ताजी आहेत का हे २-मर्कॅप्टोइथेनॉलने पाहतात. हे रसायन आयजीएम, म्हणजे लागण झाल्यावर सर्वांत आधी तयार होणारी प्रतिपिंडे, मोडते. ते घातल्यावर प्रमाण घटले तर लागण अलीकडची.

आपल्याकडे कत्तलखान्यात आलेल्या डुकराचे वय आणि गाव दोन्ही अनिश्चित असते, त्यामुळे 'पहारेकरी' डुकरेच बरी. तीन ते सहा महिन्यांची, प्रतिपिंडे नसलेली, कानात बिल्ला लावलेली. जूनच्या आधी पहिले रक्त, मग दर पंधरा दिवसांनी. संख्येचा हिशेब असा: परिसरातल्या वीस टक्के डुकरांना लागण झाली असेल तर १० डुकरांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ११ टक्के, १४ डुकरांत ४ ते ५ टक्के. प्रत्येक ठिकाणी १४-१५ ठेवा, कारण एक-दोन विकली जातातच. मालकाला खाद्याचे पैसे आणि विकण्याआधी कळवण्याची अट हे आधीच ठरवा. या पाहण्या रक्तापेक्षा त्या वादातच जास्त फसतात.

रक्त मानेच्या खालच्या मोठ्या शिरेतून, आणि उजव्या बाजूने काढा. डाव्या बाजूला हृदयाकडे आणि श्वासपटलाकडे जाणारे मज्जातंतू दुखावण्याचा धोका जास्त.

मेंदूज्वराच्या रुग्णाचा नमुना आम्ही पाठवला, अहवाल 'निगेटिव्ह' आला. आठवड्याने दुसऱ्या प्रयोगशाळेचा 'पॉझिटिव्ह'. कोण चुकले?
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ, गडचिरोली जिल्हा

बहुधा कुणीच नाही, तारीख चुकली. अचानक ताप आणि भान बदलणे किंवा नव्याने झटके येणे, अशा प्रत्येक रुग्णाची नोंद 'तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह' म्हणून होते आणि त्यात आयजीएम प्रतिपिंडे शोधतात. एलायझाचे (प्रतिपिंडे शोधणारी, रंगावरून वाचायची चाचणी) संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पहारा केंद्रांना पुरवते. पण लक्षणांच्या पहिल्या तीन-चार दिवसांत पाठीच्या पाण्यातही (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) आयजीएम नसू शकते, रक्तात यायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या रक्ताचे 'निगेटिव्ह' काहीच सांगत नाही, आणि दहाव्या दिवशी दुसरा नमुना घ्यायलाच हवा. पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असेही नाही. रक्तातला विषाणू तोवर संपलेला असतो.

फॉर्मवर तीन तारखा लिहा: ताप सुरू झाला ती, नमुना घेतला ती, आणि शेवटची लस दिली ती. तिसरी तारीख सर्वांत जास्त रिकामी राहते. लशीनंतर काही महिने रक्तात आयजीएम टिकू शकते, त्यामुळे लसीकरण झालेल्या मुलात पाठीच्या पाण्याचाच अहवाल ग्राह्य धरावा.

नमुन्याचे: पाठीचे पाणी १ ते २ मिली, निर्जंतुक स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत. पेशींची मोजणी तासाभरात व्हावी म्हणून त्यासाठीचा भाग वेगळा. रक्त ५ मिली साध्या, लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये (लहान मुलांत कमी). अर्धा ते एक तास खोलीच्या तापमानात गोठू द्या, लगेच बर्फात ठेवू नका, नाहीतर गुठळी नीट बसत नाही. मग रक्तजल वेगळे करून २ ते ८ अंशांत. अख्खे रक्त गोठवले की लाल पेशी फुटतात आणि रक्तजल लालभडक होते. असा नमुना परत येतो. गोठवून पुन्हा वितळवण्याचा फेरा टाळा.

आणि एक चकवा. डेंगी, वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वर एकाच कुळातले, त्यांची प्रतिपिंडे एकमेकांच्या संचात रंग आणतात, म्हणजे चुकीचे 'पॉझिटिव्ह' दाखवतात. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले रुग्ण आधी सेंट लुई मेंदूज्वराचे (याच कुळातला अमेरिकेतला विषाणू) ठरले होते. त्याच सुमारास कावळे आणि ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयातले पक्षी मरत होते, आणि सेंट लुई पक्ष्यांना मारत नाही. तिथून वेस्ट नाइल उघड झाला. पशुवैद्यकांची तक्रार ऐकण्याचा इतका थेट फायदा क्वचितच दिसतो.

शंकास्पद नमुना न्यूट्रलायझेशन चाचणीला (प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या विषाणूला रोखतात हे पाहणारी) पाठवा. आपल्या भागात चांदीपुरा विषाणू आणि स्क्रब टायफस (सूक्ष्म किडे चावून होणारा जिवाणूजन्य ताप) यांचाही विचार हवाच. चांदीपुरा १९६५ मध्ये नागपूरजवळच्या त्याच नावाच्या गावात सापडला. तो वाळूमाशीतून येतो आणि मूल एक-दोन दिवसांतच बेशुद्ध होते. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागू पडते, म्हणून अहवालाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. जपानी मेंदूज्वरावर असे औषध नाही, गंभीर रुग्णांपैकी तीस टक्क्यांपर्यंत दगावतात.

प्रकाशाच्या सापळ्यात कधी हजार डास, कधी पन्नास. कारण काय? गोठ्याजवळ लावतो.
— प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, गोंदिया

चांदणे पाहा, शेजारचा ट्यूबलाइट पाहा, आणि मुख्य म्हणजे बॅटरी. व्होल्टेज उतरले की पंखा मंदावतो आणि आत ओढलेले डास बाहेर पडतात. सापळा जमिनीपासून दीड मीटरवर, सायंकाळी सहा ते सकाळी सहा. दोरीला ग्रीस लावा, नाहीतर सकाळी पिशवीत मुंग्या आणि पाय-पंखांचा चुरा मिळेल.

गोठ्याजवळ संख्या भरपूर मिळते, कारण या डासांना गाईम्हशी फार आवडतात. पण गाईत विषाणू वाढत नसल्याने तिथल्या डासांत तो कमी सापडतो. विषाणू शोधायचा असेल तर एक सापळा डुकरांच्या वाड्याजवळ आणि एक बगळ्यांच्या सारंगागाराजवळ (घरट्यांच्या वसाहतीजवळ) हवाच. माद्याच घ्या, प्रजातीनुसार ५० पर्यंतचा गट करा, पोटात ताजे रक्त असलेल्या वेगळ्या ठेवा. त्यांच्यातला विषाणू त्या प्याल्या त्या रक्तातलाही असू शकतो. ओळख थंड टेबलावर, साठवण उणे ७० अंशांत. २००० डासांच्या ४० गटांत ३ पॉझिटिव्ह आले तर किमान संसर्गदर (प्रत्येक पॉझिटिव्ह गटात एकच बाधित डास धरून) हजारी दीड.

मी इटलीत पार्मा इथे राहते. ऑगस्टमध्ये रक्तदानाला गेले तर वेगळी चाचणी केली. का?
— वाचक, पार्मा

तिथल्या पो नदीच्या खोऱ्यात वेस्ट नाइलसाठी माणूस, घोडे, रानपक्षी आणि डास यांची एकत्र पाहणी होते. एखाद्या प्रांतात डासांचा गट किंवा पक्षी पॉझिटिव्ह आला की तिथल्या रक्तदात्यांच्या रक्तात विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी सुरू होते. माणसात रुग्ण येण्याची वाट पाहत नाहीत. बाधित भागातून दुसरीकडे गेलेल्या दात्याला युरोपात २८ दिवस थांबावे लागते, किंवा चाचणी निगेटिव्ह हवी. सुट्टीत कुठे रात्र काढली ते रक्तपेढीत सांगा.

गावात रुग्ण सापडला की धुरळणी होते. मग बांध्यांचे काय? युरिया टाकल्यावर अळ्या वाढतात म्हणतात.
— धान उत्पादक, आमगाव

खरे आहे. भातखाचरांतल्या प्रयोगांत नत्र खत दिल्यावर या डासांच्या अळ्या वाढलेल्या दिसल्या. म्हणून एकदम सगळा युरिया देण्यापेक्षा हप्त्यांनी, कडुनिंबाची पेंड मिसळून द्या. पिकालाही ते मानवते. पाणी आलटून-पालटून सोडणे आणि दोन-तीन दिवस बांधी सुकवणे हा उपाय परिणामकारक आहे, पण शेजारच्या बांध्याही त्याच वेळी सुकल्या तरच, आणि पाऊस सुरू असताना तो जमत नाही. कालव्याच्या पाण्यावरच्या उन्हाळी धानात तो करून पाहा.

धुरळणीचा थेंब काही मिनिटे हवेत राहतो आणि हे डास बहुतेक घराबाहेर, झाडोऱ्यात विसावतात. उद्रेकात वस्तीभोवती, सूर्यास्ताच्या सुमारास केली तर तात्पुरता फायदा होतो, दुपारी बारा वाजता गल्लीतून गाडी फिरवण्याचा नाही. मुलांना लस मिळाली का ते आधी पाहा. ती निवडक जिल्ह्यांत नियमित लसीकरणात असते, नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी. तुमच्या गावात आहे की नाही हे आशाताईंच्या यादीत दिसेल.