कट नव्हे, ठोसा बीटवर बसवा

प्रश्न: दादा, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मंगळवार पेठेत राहतो. अ‍ॅनिमेचा लई नाद आहे आणि आता स्वतःचा एएमव्ही करायचाय, म्हणजे अ‍ॅनिमेतल्या क्लिपा आपल्या आवडीच्या गाण्यावर बसवायच्या. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ट्युटोरिअल बघायला गेलं की एकजण म्हणतो हे सॉफ्टवेअर घे, दुसरा म्हणतो ते प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा जादाचा भाग) नसेल तर काय उपयोग. तीन आठवडे झाले, अजून एक कट मारला नाही. सुरुवात कुठनं करू?

उत्तर: भावा, पहिलं म्हणजे ती ट्युटोरिअल बंद कर. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या जिम कापोस्टास नावाच्या पोरानं दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून हा प्रकार केला होता, पहिला एएमव्ही म्हणून त्याचंच नाव घेतात, तेव्हा कसला टाइमलाइन (क्लिपा ओळीनं मांडायची पट्टी) आणि कसलं प्लगइन. आणि तू तर बाबूराव पेंटरांच्या गावातला, त्यांनी सिनेमाचा कॅमेराच इथं कोल्हापुरात खटपट करून तयार केला होता. तुझ्याकडं तरी लॅपटॉप आहे.

तुझ्या मशीनवर शॉटकट नाहीतर केडेनलाइव्ह टाक, दोन्ही व्हिडिओ एडिटिंगची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. दाविंची रिझॉल्व्हचंही फुकट व्हर्जन आहे आणि ते भारीच आहे, पण ८ जीबीवर ते धापा टाकतं, दर दोन मिनिटांनी अडकलं की तुझाच उत्साह जाईल. प्लेबॅक अडकायला लागला तर प्रॉक्सी चालू करायची, म्हणजे सॉफ्टवेअर काम करताना क्लिपची हलकी कॉपी वापरतं आणि एक्सपोर्टला, म्हणजे शेवटी तयार व्हिडिओ काढताना, मूळ फाइल घेतं.

आता खरं काम. गाणं निवड, आणि अख्खं नको, ३० ते ४५ सेकंद बास. पहिल्याच झटक्यात चार मिनिटांचं गाणं घेणारे बहुतेक दीड मिनिटावर सोडून देतात, मीपण सोडलेलं. अ‍ॅनिमेपण एकच घे आणि तो तुला पाठ असला पाहिजे, कारण एडिटिंगमधला निम्मा वेळ "तो पावसातला शॉट कुठल्या एपिसोडला होता रे" यातच जातो. खाली सबटायटल छापलेली क्लिप घेऊ नकोस, गाणं चालू असताना लोकांचं लक्ष अक्षरांकडंच जातं.

मग सॉफ्टवेअर न उघडता ते गाणं दहा वेळा ऐक, मांडीवर ताल धरून. मिरवणुकीत हलगी वाजायला लागल्यावर लेझीमवाल्यांचे पाय बघितलेस का कधी? ठोका पडतो तेव्हा पाय जमिनीवर आलेला असतो, म्हणजे तो उचलला गेला ठोक्याच्या आधी. नवीन पोरं नेमकं इथंच चुकतात. बीट आला की कट, म्हणजे क्लिप बदलायची, पुढचा बीट आला की परत कट, असं मारत सुटतात आणि मग म्हणतात सगळं बीटवर असून मजा का येत नाही. अरे बीटवर कट नको, बीटवर ठोसा पाहिजे. दार आपटणं, तलवार भिडणं, डोळा उघडणं, जे काय घडतंय ते ठोक्यावर पडू दे. कट आपला आधी कुठंतरी होऊन जाऊ दे, तो कुणाला दिसतपण नाही.

हिशोबच सांगतो. समज गाणं ९० बीपीएमचं आहे, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. अ‍ॅनिमे साधारण सेकंदाला २४ फ्रेमवर, म्हणजे २४ स्थिर चित्रांवर चालतो (नेमका आकडा २३.९७६, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये तोच टाक, आणि क्लिपा आत घ्यायच्या आधी टाक). ६० भागिले ९० गुणिले २४, म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत १६ फ्रेम. आता तुझ्या क्लिपमध्ये मूठ सुरुवातीपासून १० फ्रेमनी गालावर बसते. मग क्लिप ठोक्याच्या १० फ्रेम आधी चालू करायची, म्हणजेच आधीच्या ठोक्यानंतर ६ फ्रेमनी. खासबागेत पैलवान पाठीवर आपटला की जसा धप्प आवाज येतो, तसा तो शॉट बसतो बघ.

कीबोर्डच्या बाणानं एकेक फ्रेम पुढं गेलास की अजून एक गंमत दिसेल. दोन-तीन फ्रेम चित्र हलतच नाही, कारण अ‍ॅनिमेत बऱ्याचदा एकच चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला खरी चित्रं १२ नाहीतर ८च. म्हणून ठोक्यावर ठेवताना त्या चित्राची पहिली फ्रेम ठेवायची, दुसरी तिसरी ठेवलीस तर किंचित उशीर झाल्यासारखं वाटतं. आणि म्हणूनच ते मखमली स्लो मोशनचं प्लगइन आत्ता नको, सारख्या चित्रांमुळं ते थबकतं आणि मग एकदम उडी मारतं, वर रेषा जेलीसारख्या हलतात ते वेगळंच.

बोलणारी तोंडंपण टाळ. गाण्यात नुसतं गिटार वाजतंय आणि हिरो बडबडतोय, लई विचित्र दिसतं. शॉट पाहिजेच असेल तर झूम करून डोळ्यांवर ने, तोंड फ्रेमच्या बाहेर.

आणि एक, माझा हात पोळलाय म्हणून सांगतो. प्रोजेक्ट, गाणं, क्लिपा सगळं पहिल्यापासून एका फोल्डरमध्ये ठेव आणि नंतर हलवू नकोस. मी एकदा जागा करायला क्लिपा पेनड्राइव्हवर टाकल्या, दुसऱ्या दिवशी उघडलं तर टाइमलाइनभर लाल पट्ट्या, मीडिया ऑफलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरला क्लिपा सापडतच नाहीत. आठवड्याचं काम, आणि तो पेनड्राइव्ह मित्र घेऊन सांगलीला गेलेला.

प्रश्न: माझं एडिट सुरुवातीला बरोबर बसतं पण मिनिटभरानं क्लिपचा आवाज आणि चित्र मागंपुढं होतं. क्लिपा मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड केलेल्या आहेत. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: रोग तिथंच आहे. मोबाइलचं स्क्रीन रेकॉर्डिंग बहुतेक वेळा व्हेरिएबल फ्रेम रेटचं असतं, कधी सेकंदाला ३० फ्रेम, कधी २२, आणि एडिटर धरून चालतो की आकडा सगळीकडं एकच. फरक थोडा थोडा साठत जातो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे, त्यात व्हिडिओच्या टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल परत काढ आणि मग एडिटला घे. पण रेकॉर्डिंगमध्ये ठोशाच्या नेमक्या फ्रेमच गळल्या असतील तर त्या हँडब्रेकलापण परत आणता येत नाहीत. ओरिजिनल डिस्कवरची क्लिप मिळाली तर तीच वापर.

प्रश्न: खाली "सगळं श्रेय मूळ मालकांचं" असं लिहिलं की कॉपीराइट लागत नाही ना? (राजारामपुरीतली एक वाचक)

उत्तर: लागतो ताई. श्रेय देणं वेगळं आणि परवानगी असणं वेगळं. आपल्या १९५७च्या कायद्यात कलम ५२ खाली खाजगी वापर, टीका, समीक्षा अशा कामांसाठी सवलत आहे, पण अख्खं गाणं लावून केलेला व्हिडिओ त्यात बसेल याची खात्री कोण देणार. यूट्यूबवर कंटेंट आयडी आपोआप आवाज आणि चित्र ओळखतं. त्यातनं क्लेम, म्हणजे मालकाचा हक्काचा दावा, आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, कधी ब्लॉक होतो. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची यूट्यूबची ताकीद, मात्र वेगळी, ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनेलच जाऊ शकतं. म्हणून पहिले दोन-तीन एडिट अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसतील असे) टाकून बघा काय क्लेम येतोय, आणि एक्सपोर्टची कॉपी स्वतःकडं ठेवा. हलगी वाजवणारा कुणी ओळखीचा असला तर त्याला विचारून त्याचंच रेकॉर्डिंग घ्या, गाण्याचा तरी प्रश्न मिटला, आणि हलगीवर अ‍ॅनिमेची फाइट केली तर मला लिंक नक्की पाठवा.